आईला १ ची गोळी, शेजारच्या नानांना ४ ची : रक्त पातळ करायच्या औषधात घराण्याचा काही संबंध असतो का?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे केळीच्या भावाच्या धाग्यावर रडायला येतो, आज विषय वेगळा आहे.

आईची (वय ५८) मायट्रल झडप २०१९ मध्ये बदलली. लहानपणच्या सांधेतापाचं दुखणं, धातूची झडप बसवली. तेव्हापासून ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ करायची गोळी चालू. सुरुवातीला रोज २ ची (मिलिग्रॅम) दिली होती. दहाव्या दिवशी दात घासताना थुंकी लाल, दंडावर रुपयाएवढे निळे डाग. पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, आकडा जितका मोठा तितकं रक्त पातळ) केला तर ७.२! डॉक्टरांनी गोळी दोन दिवस बंद ठेवली, मग कमी करत करत १ वर आणली. तेव्हापासून १ च, मधूनच एखाद्या दिवशी दीड.

आमच्या गल्लीतच नाना आहेत. तशीच झडप, तीच गोळी, अंगाने आईपेक्षा बारीकच. त्यांना रोज ४ लागते आणि तरी आयएनआर वर चढायला तयार नसतो. दोघं ओट्यावर बसून एकमेकांच्या चिठ्ठ्या वाचतात आणि दोघांना वाटतं की समोरच्याचा डॉक्टर चुकतोय.

आता खरा प्रश्न. माझ्या मामांना (वय ६३, यावल तालुका) तीन महिन्यांपूर्वी स्टेंट टाकला, त्यात गुठळी धरू नये म्हणून क्लोपिडोग्रेल चालू आहे. मागच्या आठवड्यात छातीत धडधड झाली, ईसीजीत ठोके अनियमित निघाले. एएफ आहे म्हणाले. त्यांनाही ॲसिट्रॉम २ लिहून दिली. आई सकाळपासून माझ्यामागे लागलीय, "त्याले दोन नको देऊ म्हना, आमचं रगतच तसं हाये." मामांनी अजून गोळी सुरू केलेली नाही, उद्या परत दाखवायला जायचंय. आई म्हणते त्यात तथ्य आहे का? आणि ती जीन्सची (जनुकांची) तपासणी करून घ्यावी का?

अनेर (चोपडा)
भाऊ, मी स्वतः १४ वर्षं ॲसिट्रॉमवर आहे. एक दिवस २, एक दिवस ३. डॉक्टरकी मला कळत नाही, पण एक सांगतो, आईंचं रक्त 'तसं' असेल किंवा नसेल, भरिताचा हिशोब ठेवा.

थट्टा नाही करत. पहिली तीन वर्षं दर हिवाळ्यात माझा आयएनआर घसरायचा. डिसेंबरमध्ये १.६, जानेवारीत १.४, आणि मार्चमध्ये आपोआप २.५ वर. डॉक्टर म्हणायचे गोळी चुकवतोस, मी देवाशप्पथ चुकवत नव्हतो. एकदा त्यांच्याकडे नवीन आलेल्या पोरीने नीट बसवून विचारलं, काका थंडीत काय वेगळं खाता? म्हटलं काय खाणार, शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजायची, भरीत आणि कळण्याची भाकरी, दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या मळ्यात. तिने विचारलं, भरितात काय काय घालता? मी सांगायला लागलो, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कोथिंबीर, आणि कांद्याची पात. पात किती? म्हटलं, आपल्याकडे पात मोजून घालत नाहीत ताई, जुडीच्या जुडी जाते. ती हसायलाच लागली. पातीत के जीवनसत्त्व भरपूर, आणि गोळीचं भांडण नेमकं त्याच्याशीच.

भरीत सोडलं नाही. पण आता हिवाळा लागला की तपासणी दर पंधरा दिवसांनी, आणि पात एका मुठीवर.

जिभाऊ_शिंदखेडा
हे जीन्स-बिन्स सगळं नवीन दुकान आहे. आधी रक्त, मग सोनोग्राफी, मग एमआरआय, आता खानदानाची कुंडली. आमचा बाप म्हणे तसं, दुखणं एक आन् बिलं बारा. आणि एक कुणी बोलत नाही, ही गोळी म्हणजे मुळात उंदीर मारायचं औषध आहे. खरं की खोटं, इथल्या डॉक्टर लोकांनी सांगावं.

वाघूर
जिभाऊ, खरं आहे. आणि गोष्ट तुमच्या-आमच्यासारख्या शेतकऱ्यापासूनच सुरू होते, म्हणून सांगतो. (मी मेडिसिनचा डॉक्टर, जळगाव जिल्ह्यातच प्रॅक्टिस. इथे कुणालाही डोस सांगणार नाही, हे आधीच.)

१९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्राव होऊन मरायला लागली. शिंगं काढली, खच्ची केलं की रक्त थांबेचना. कारण निघालं कुजलेला चारा, स्वीट क्लोव्हर नावाचं गवत ओलं राहून बुरशी धरलेलं. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड, तो चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त घेऊन बर्फातून विद्यापीठात पोचला. तिथल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने पुढे काही वर्षं खपून त्यातलं द्रव्य वेगळं काढलं. त्याचा सुधारलेला भाऊ म्हणजे वॉरफरिन. १९४८ ला उंदरांसाठी बाजारात आलं, १९५४ ला माणसांसाठी मान्यता मिळाली, आणि १९५५ ला हृदयविकाराचा झटका आलेल्या अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना, आयझेनहॉवरना, तेच दिलं. ॲसिट्रॉम म्हणजे ॲसेनोकुमारॉल, त्याच कुळातलं.

आता केळीवाल्याच्या प्रश्नाकडे. रक्त गोठवणारे काही घटक (२, ७, ९ आणि १० नंबरचे) यकृतात तयार होतात, त्यांना के जीवनसत्त्व लागतं. एकदा वापरलं की ते निकामी होतं, आणि शरीर ते पुन्हा कामाचं करून घेतं. ते काम करणारं एक विकर म्हणजे एन्झाइम आहे, त्याच्या जनुकाचं नाव व्हीकेओआरसी१. आपली गोळी जाऊन नेमकी त्या विकराला अडवते. काहींच्या अंगात मुळातच ते विकर कमी बनतं. ३ एचपीची मोटार अडवायला किती जोर लागणार? आणि ज्याची साडेसातची आहे त्याला? हा फरक जन्मजात असतो, वजनावरून किंवा तब्येतीवरून दिसत नाही.

दुसरं जनुक सीवायपी२सी९. हे गोळीचा निचरा करतं. तुम्ही केळीवाले आहात, लगेच कळेल. भारी काळ्या जमिनीत पाणी दिलं की चार दिवस ओल हटत नाही, हलक्या मुरमाड जमिनीत सकाळचं पाणी संध्याकाळी गायब. दोन्ही बागांना एकच पाळी दिली तर एकीकडे मुळं सडतील, दुसरीकडे घड वाळेल. या जनुकाचा '३ नंबरचा' प्रकार ज्यांच्यात आहे त्यांची जमीन भारी. ॲसेनोकुमारॉलचा एक भाग बहुतेकांच्या शरीरातून तासा-दोन तासांत निघून जातो, या लोकांत तो रेंगाळतो आणि जास्त काम करतो. हा प्रकार आपल्या भारतीयांत दुर्मीळ नाही. उलट व्हीकेओआरसी१ चा 'छोट्या मोटारीचा' प्रकार चिनी-जपानी लोकांत बहुसंख्य, युरोपात बराच, आणि आपल्याकडे त्याहून कमी. म्हणूनच परदेशातल्या डोसाच्या तक्त्यात आपला माणूस जसाच्या तसा बसत नाही.

आईला १ आणि नानांना ४ लागते यात दोघांचेही डॉक्टर बरोबर असू शकतात. ओट्यावर कळवा.

केळीवाला_रावेर
जमिनीचं उदाहरण आईला सांगितलं. म्हणे, "मंग मी भारी जमीन." सकाळपासून त्याच तोऱ्यात आहे. 🙂

पण सर, मामांचं काय? तेही भारी जमीनच समजायचे का?

तळोद्याची_सिस्टर
मध्येच विचारते. आमच्या भागात सिकलसेलचं (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं) काम चालतं, सोल्युबिलिटी तपासणी, मग इलेक्ट्रोफोरेसिस, घरोघर जाऊन. आम्ही लोकांना सांगतो की आई-बाप दोघंही वाहक असतील तर मूल पीडित व्हायची शक्यता चारात एक. हेही तसंच आहे का? की वाहक, पीडित असं काही नसतंच यात?

वाघूर
सिस्टर, चांगला प्रश्न, आणि केळीवाल्याचं उत्तरही त्यातच आहे. सिकलसेलमध्ये एक बदल आणि त्यातून एक आजार, चित्र स्पष्ट. इथे आजार नाहीच. औषध घेतलं नसतं तर आईला आयुष्यात कळलंही नसतं. आणि वाहक-पीडित अशी रेघ नाही, जनुकाची बदललेली एक प्रत असेल तर डोस थोडा कमी, दोन असतील तर आणखी कमी.

भावंडांचं म्हणाल तर आईला एखादी प्रत तिच्या वडिलांकडून आली असेल, तर तीच मामांकडे येणं म्हणजे नाणं उडवणं. छापा किंवा काटा. 'आमचं रगत' सगळ्या भावंडांचं एकसारखं नसतं. पण आईचा ७.२ चा किस्सा उद्या मामांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. ही फुकटची, कामाची माहिती आहे, आणि चिठ्ठीवर ती कुठेच नसते.

गिरणा_लॅब
तालुक्याच्या गावी लॅब चालवतो, २२ वर्षं झाली. डॉक्टरसाहेबांच्या सगळ्या बोलण्याला मान देऊन एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट सांगतो. कृपा करून नळीकडे बघा.

पीटी-आयएनआरचं रक्त फिकट निळ्या बुचाच्या नळीत घेतात. तळाशी थोडं पाण्यासारखं द्रव असतं, ते सोडियम सायट्रेट. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे माप ठरलेलं. नळीवर खूण असते, तिथपर्यंत रक्त यायलाच हवं. शीर सापडली नाही, पेशंट कळवळला, म्हणून निम्म्यावर थांबलं की सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटा वाढून येतो. माझ्याकडे एक काका दुसरीकडचा ५.८ चा रिपोर्ट घेऊन आले होते, घरचे घाबरलेले. दंड बघितला, डाग नाही, हिरड्या साफ. परत काढून लावला तर २.९. आधीची नळी अर्धीच भरली होती, असं त्यांच्या मुलाला आठवलं.

दुसरं, रक्त घेतल्यावर नळी चार-पाच वेळा अलगद उलटी-सुलटी करायची. घुसळायची नाही. तिसरं, लोक प्रेमाने बर्फात ठेवून आणतात. बर्फात नाही ठेवायची, साध्या तापमानालाच ठेवायची. पण मे महिन्यात एसटीच्या बॉनेटवर ठेवून आणली तर मी काय करणार?

पूर्वी नुसते सेकंद लिहायचो, आणि लॅब बदलली की आकडा बदलायचा, कारण प्रत्येकाचं रसायन वेगळं. १९८३ ला जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआरची पद्धत घालून दिली, तेव्हापासून जळगावचा २.५ आणि मुंबईचा २.५ तुलनेला लागले. तरी शक्यतो एकाच लॅबला जा. माझ्याच असं नाही.

बोरीकाठ
माझ्या साडूने गोळी बंद करून रोज उपाशीपोटी चार लसणाच्या पाकळ्या सुरू केल्या. सहा महिने ठणठणीत आहे. निसर्गात सगळं आहे.

अनेर (चोपडा)
साडूची झडप धातूची आहे का?

बोरीकाठ
नाही, त्याला बीपी आहे. रक्त घट्ट होऊ नये म्हणून घेत होता काहीतरी.

अनेर (चोपडा)
मग भाऊ हे इथे लिहू नका. धातूची झडप असलेला माणूस हे वाचून गोळी सोडेल. माझ्यासोबत ऑपरेशन झालेल्या एकाने सोडली होती, 'बरं वाटतंय' म्हणून. झडपेवर गुठळी धरली, डावी बाजू गेली. पुढचं लिहीत नाही.

वाघूर
अनेर यांच्याशी शंभर टक्के सहमत. लसूण भाजीत खा, भरितात खा. गोळीच्या जागी नाही. आणि उलट बाजूही सांगून ठेवतो. जुलाब झाले म्हणून मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल, गुडघा दुखला म्हणून डायक्लोफेनॅक, बुरशीसाठी फ्लुकोनाझोल, हे ॲसिट्रॉमवाल्याने परस्पर घ्यायचं नाही. माझ्याकडे आयएनआर बेफाम वाढून आलेल्यांत जीन्सपेक्षा ही मंडळी जास्त. टीबीचं रिफॅम्पिसिन बरोबर उलटं करतं, आयएनआर पाडतं.

पांझरा
उशिरा आले धाग्यावर. मी धुळ्याची, फार्माकॉलॉजी शिकवते. जिभाऊंनी 'दुकान' म्हटलं त्यावर थोडं, कारण त्यांचा संशय अगदीच अनाठायी नाही.

व्हीकेओआरसी१ जनुक २००४ मध्ये सापडलं. गंमत म्हणजे उंदरांनी ते आपल्याआधी 'शोधलं' होतं. १९५८ मध्येच स्कॉटलंडमध्ये वॉरफरिन खाऊन न मरणारे उंदीर आढळले होते, पुढे अशा उंदरांत याच जनुकातले बदल दिसले. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी वॉरफरिनच्या माहितीपत्रकात जनुकांचा उल्लेख घातला, आणि सगळ्यांना वाटलं की आता आधी जीन्स बघायचे आणि मगच गोळी द्यायची. मग २०१३ ला न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या चाचण्या एकदमच छापून आल्या. युरोपातल्या वॉरफरिनच्या चाचणीत जीन्स बघून डोस दिलेल्यांचा आयएनआर जास्त वेळ योग्य पट्ट्यात राहिला. अमेरिकेतल्या चाचणीत काहीच फरक नाही, उलट कृष्णवर्णीय रुग्णांत जीन्सवाला हिशोबच मागे पडला, कारण त्यांच्यात असणारे बदल त्या सूत्रात धरलेच नव्हते. आणि आपल्या ॲसेनोकुमारॉलवरच्या युरोपीय चाचणीत १२ आठवड्यांनंतर फरक दिसला नाही.

त्यामुळे माझं मत, आईंची तपासणी आता करून हाती काही नवं लागणार नाही. त्यांचा डोस १ आहे हे त्यांच्या शरीराने २०१९ मध्येच सांगितलं. आयएनआर ही त्या अर्थाने गरिबांची जीन्स तपासणीच आहे, कारण जनुक, भरीत, यकृत, इतर औषधं या सगळ्याचा मिळून जो परिणाम होतो तोच ती दाखवते. जनुकाने युरोपीय वंशाच्या रुग्णांत डोसातल्या फरकाचा ३० ते ४० टक्के उलगडा होतो. उरलेल्यातला काही भाग ताटात आणि मेडिकलच्या पिशवीत असतो.

पण मामांचं क्लोपिडोग्रेल हे वेगळं प्रकरण आहे, आणि इथे कुणी त्याकडे बघितलंच नाही. ती गोळी पोटात जाते तेव्हा निकामी असते. यकृतात गेल्यावर तिचं औषध बनतं, आणि ते बनवण्यात मोठा वाटा सीवायपी२सी१९ या विकराचा. त्याच्या जनुकाच्या मंद प्रती भारतीयांत भरपूर, निम्म्याच्या आसपास लोकांत किमान एक, दहातल्या एकाच्या आसपास लोकांत दोन्ही. दोन्ही मंद असतील तर माणूस रोज नेमाने गोळी खातो आणि औषध नीट बनतच नाही. २०१० मध्ये अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर चौकटीतला इशारा आला तो याचसाठी. आणि खरी अडचण अशी की इथे आयएनआरसारखी रोजच्या वापरातली पट्टी नाही. ॲसिट्रॉम जास्त झाली तर हिरड्या सांगतात, कमी झाली तर आकडा सांगतो. क्लोपिडोग्रेल चाललं नाही तर थेट स्टेंट बंद पडल्यावर कळतं. म्हणून जीन्स बघायला पैसे घालायचेच असतील तर मी ते या गोळीसाठी घालीन, ॲसिट्रॉमसाठी नाही. सगळ्यांनी सरसकट करावी असं तिथेही म्हणत नाही, डॉक्टरांना विचारा. जोडीला ॲसिडिटीची ओमेप्राझोल असेल तर तेही सांगा, ती याच विकराला अडवते.

जिभाऊ_शिंदखेडा
पांझराताई, हे पटलं. दुकान आहेच, पण एका गाळ्यात माल बरा दिसतोय. मनी मायले पन क्लोपिडोग्रेल चालू शे, चिठ्ठी दखस आज.

वाघूर
पांझरा मॅडमनी माझी राहिलेली बाजू भरली, आभार. मामांसाठी उद्या विचारायचा एक प्रश्न देतो, 'इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) मायट्रल झडप आकुंचन पावलेली आहे का?' नसेल, तर एएफसाठी ॲपिक्साबॅन वगैरे नवीन गोळ्या चालतात, त्यात आयएनआरची कटकट नाही. असेल, तर जुनीच गोळी बरी. २०२२ ला सांधेतापाने झडप खराब झालेल्या एएफ रुग्णांवरचा मोठा अभ्यास आला, त्यात नव्या रिव्हारोक्साबॅनपेक्षा जुन्या कुळातल्या गोळ्यांवर मृत्यू कमी झाले. आणि आईसाठी नवीन गोळी विचारूही नका. धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

केळीवाला_रावेर
(नऊ दिवसांनी)
उशिराबद्दल माफी, केळीची कापणी चालू होती.

मामांचे डॉक्टर भला माणूस निघाला. आईचा किस्सा शांतपणे ऐकला, इको परत उघडून बघितला, झडप ठीक आहे. ॲसिट्रॉम सुरूच केली नाही, ॲपिक्साबॅन दिली, दोन वेळा. ओमेप्राझोल होतीच चिठ्ठीत, ती बदलून पॅन्टोप्राझोल केली. जीन्सबद्दल विचारलं तर म्हणाले, स्टेंट कुठल्या शिरेत कसा आहे ते मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून ठरवू.

मामा खूश, आई नाही. काल मामा घरी आले होते, आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मले महिन्याच्या महिन्याले सुई, अन् ह्याले काहीच नही. धाकटा हाये ना."

धाकटे नाहीत, पाच वर्षांनी मोठे आहेत.

गिरणा_लॅब
आईंचा या महिन्याचा झाला का?

केळीवाला_रावेर
आज सकाळीच. २.८. नळी खुणेपर्यंत भरली का ते मी वाकून बघत होतो, तर लॅबवाला म्हणाला, तुम्ही पण त्या धाग्यावर आहात का?